हेराल्डचे ब्रेक

कोइमतूर
६ नोव्हेंबर १९८९

ती. अण्णांना,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. आईंनी बांधून दिलेल्या करंज्या सुशांतने सालेम यायच्या आतच संपवल्या, तेव्हा पोचल्या का असं विचारू नका.

एक गोष्ट पनवेलला समोर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. निघायच्या दिवशी सकाळी मी मागच्या शेडकडे आले होते. तुम्ही हेराल्ड गाडीच्या पुढच्या चाकापाशी पाटावर बसला होतात. चाक काढलेलं, डाव्या हातात पाना, उजवा हात मांडीवर. तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी तशीच परत फिरले आणि आगगाडीत सुशांतला सांगितलं. तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

गाडीवर तुमचा किती जीव आहे हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. गोदीतल्या त्या इंग्लिश साहेबाने विलायतेला परत जाताना ती दुसऱ्या कुणाला न देता तुम्हालाच का दिली, ही गोष्ट मी निदान दहा वेळा आवडीने ऐकली आहे. पण तुम्हाला अर्धांगाचा झटका आल्याला आता दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. तिचे ब्रेक उघडायचे म्हणजे खेळ नव्हे. सुशांत म्हणतो, "पंख्याचं बेअरिंग चुकलं तर पंखा आवाज करतो. ब्रेक चुकला तर माणूस जातो." हायवेवर भावेशभाईंचं गॅरेज आहे. माणूस सरळ आहे म्हणतात. त्यांना बोलावून गाडी त्यांच्या ताब्यात द्या ना. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि त्यांच्याकडून हवं तसं करून घ्या.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ करा.

तुमची,
रुचिरा


पनवेल
१९ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. रुचिरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मी सांगतो आहे आणि ही लिहिते आहे. (मी सुमती. हे सांगतात ते सगळंच लिहीन असं नाही.)

तुझं म्हणणं मानून भावेशला बोलावलं. सरळ माणूस आहे, यात वाद नाही. गाडीखाली वाकून त्याने दोन्ही कॅलिपर पाहिले. कॅलिपर म्हणजे काय, हे तुला सांगून ठेवतो. चाकाबरोबर एक लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, फिरते. तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा जबडा म्हणजे कॅलिपर. पेडल दाबला की त्यातले दोन पिस्टन पुढे सरकतात आणि चकती धरतात. आपल्याकडच्या हेराल्डला हे नसतं, जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक असतो. आपली गाडी विलायतेत बनलेली, म्हणून तिला हे आहे. दोन वर्षं उभी राहिल्याने पिस्टन गंजून जागच्या जागी अडकले आहेत.

भावेश म्हणाला, "काका, याचं सामान माझ्याकडे नाही. पिस्टनला एमरी पेपर मारून परत बसवून देतो. चालेल. किती दिवस ते सांगत नाही." नाहीतर डिस्क काढून ड्रम लावतो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. गंज घासला की पिस्टनला खड्डे राहतात, आणि खड्ड्यातून ब्रेक ऑइल गळतं. हे त्यालाही माहीत आहे, म्हणून त्याने हमी दिली नाही. मग मी कशाला घेऊ?

माझा हात आता पुष्कळ सुधारला आहे. (सुधारलेला नाही. कपाचा कान धरता येतो, भरलेला कप नाही.) सुशांतला सांग, तीस वर्षं वर्कशॉपचा फोरमन होतो. त्याला मापाची पट्टी धरायला मीच शिकवलं. काम घरीच होईल.

कळावे,
गुरुदत्त

(ता. क. हे रागावलेले नाहीत. उलट दोन वर्षांत आज पहिल्यांदा आपणहून दाढी केली. – आई)


कोइमतूर
२ डिसेंबर १९८९

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी. अण्णांना वाचून दाखवू नका.

आई, मला खरं सांगा. अण्णा गाडी चालवायचं तर मनात धरून नाहीत ना? डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं की उजव्या पायावर भरवसा ठेवता येणार नाही. सुशांतला झोप लागत नाही. ब्रेक दुरुस्त झाले की एक दिवस अण्णा कुणाला न सांगता गाडी बाहेर काढतील, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. काल तर म्हणाला, आईला लिही, किल्ली लपवून ठेव.

आणि ते जर खरंच घरी उघडत असतील, तर एक गोष्ट मी शाळेत रसायन शिकवते म्हणून सांगते. ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात, पण ते आपलं इंजिनचं तेल नव्हे. आतलं रबर साध्या तेलाने, पेट्रोलने किंवा रॉकेलने फुगतं आणि मऊ पडतं. धुवायचं ते स्पिरिटने. रॉकेलची बाटली तेवढी शेडमधून घरात आणून ठेवा.

तुमची,
रुचिरा


पनवेल
१६ डिसेंबर १९८९

चि. सौ. रुचिरास,
अनेक आशीर्वाद.

रॉकेलची बाटली आणली. हे म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी कशाला सांगायला हवं?" मग स्वतःच स्पिरिट मागितलं.

आता पिस्टन कसे निघाले ते ऐक. कॅलिपर चकतीवरून सोडवून लोंबता ठेवला. ब्रेकची नळी तशीच जोडलेली. यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि पेडल दाबायला सांगितला, म्हणजे आतलं ऑइलच पिस्टनला बाहेर ढकलेल. मी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. "अगं, पोळी लाटतेस का? जोर लाव!" मग मी दोन्ही पायांनी उभीच राहिले त्याच्यावर. एक पिस्टन सुळकन पुढे आला. दुसरा ढिम्म. मग पहिल्याला लाकडाचा ठोकळा लावून शिकंज्यात आवळला आणि पुन्हा दाब दिला, तेव्हा दुसरा फाटकन सुटला. सगळं ऑइल यांच्या सदऱ्यावर. मला वाटलं आता ओरडतील. पण हे हसत होते, रुचिरा. तोंडाची उजवी बाजू अजून नीट हलत नाही, तरी हसत होते.

शिकंजा मी आवळला. नट मी सोडवले. हे पाटावर बसून सांगतात, डाव्या हाताने दाखवतात. एवढी वर्षं या गाडीचं बॉनेट कसं उघडतं हेही मला माहीत नव्हतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर. हे गाडी चालवणार नाहीत. माझ्यावर विश्वास ठेव आणि सुशांतलाही ठेवायला सांग. याहून जास्त आत्ता विचारू नकोस. वेळ आली की कळेल.

तुझी,
आई


कोइमतूर
४ जानेवारी १९९०

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आमचा जीव भांड्यात पडला. तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, पण आम्ही समजलो. गाडी चालती करून चांगल्या घरी द्यायची, असंच ना? अण्णांनी हा निर्णय मनाशी घेतला हे केवढं मोठं आहे. म्हणूनच ते काम घरी करत असणार, शेवटचं आपल्या देखरेखीखाली. आता सुशांतचीही काही हरकत नाही.

त्याच्या कारखान्यातल्या मित्राचे थोरले भाऊ दादरला असतात. त्यांना जुन्या विलायती गाड्यांचा नाद आहे. सुशांतने त्यांना कळवलं आहे. येत्या दोन-तीन रविवारांत ते गाडी बघायला येतील. अण्णांशी तुम्हीच आधी हळूच बोलून ठेवा.

तुमची,
रुचिरा


पनवेल
२१ जानेवारी १९९०

रुचिरा,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. डाव्या हाताने. अक्षर लावून घे. ही घरात नाही.

तुमचा दादरचा माणूस आज सकाळी आला. तुझं पत्र येऊनही हिने मला काही सांगितलं नव्हतं. धीर झाला नसेल. माणसाने चहा घेतला, पोहे खाल्ले, आणि मग शेडमध्ये जाऊन टायरला लाथ मारून पाहिली. सुशांतच्या ओळखीचा म्हणून आला, एवढंच मला माहीत. मी विचारलं, काय बघताय? म्हणाला, गाडी विकायची आहे ना? हिचा चेहरा पडला. मी त्याला नीट बोलून वाटेला लावलं. तुमच्यावर राग नाही. पण आता सांगणं भाग आहे.

गाडी विकायची नाही. मीही चालवणार नाही. ती चालवणार आहे.

तुझी सासू. आत्ता ती काशीरामबरोबर खांदा कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यांवर आहे. काशीराम म्हणजे गोदीतला आमचा ड्रायव्हर. तळोज्याचा. रिटायर झाल्यावर त्याने जुनी जीप घेतली, तिच्यावर शिकवतो. पहिल्या दिवशी हिने क्लच सोडला तेव्हा जीप बेडकासारखी उडाली. तो म्हणाला, "भिव नका वयनी, रस्ता आपलाच हाय, समोर कोनी नाय." दिवाळीनंतर सुरू केलं. एकदा परीक्षेला बसली आणि नापास झाली. लायसन हातात पडेपर्यंत मुलांना कळू द्यायचं नाही, असं माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते आज मोडतो आहे.

हे तिच्या डोक्यातून निघालं. माझ्या नाही. मला व्यायामाला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या. आपट्याला तिची बहीण वेणू आजारी होती, तर हिला जाता आलं नाही. मला एकटं सोडवेना, आणि मला घेऊन एसटीत चढवेना. एक दिवस मला म्हणाली, "गाडी दारात आहे, तुमचा पाय चालत नाही, माझे दोन्ही चालतात."

आता ब्रेकचं. मी चालवणार असतो तर भावेशचा एमरी मारलेला पिस्टनही चालवून घेतला असता. ब्रेक कमी लागला तर गिअर टाकून, हँडब्रेक ओढून सांभाळून घेतलं असतं. मला ती सवय आहे. तिला नाही. पेडल दाबला की गाडी थांबते, एवढंच तिला माहीत आहे. तेवढं खरं असलं पाहिजे.

म्हणून घरी. आणि म्हणून तिच्याच हाताने. आत काय आहे ते तिने पाहिलं की भीती तेवढी कमी होईल.

चारही पिस्टन खड्डे पडून वाया गेले आहेत. त्यातल्या त्यात बरा एक रजिस्टर पार्सलने पाठवतो. मायक्रोमीटरने माप हिनेच घेतलं, चिठ्ठी आत आहे. मुंबईत सील, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रबरी कड्या, आणि धूळ अडवणाऱ्या रबरी टोप्या मिळाल्या, पिस्टन मिळाले नाहीत. सुशांतच्या कारखान्यात स्टेनलेसचे करून मिळतील का? विचार. तो नाही म्हणाला तर दुसरीकडे बघू.

हात दुखतो. थांबतो.

गुरुदत्त


कोइमतूर
१२ फेब्रुवारी १९९०

ती. अण्णा आणि आई,
सा. न. वि. वि.

आधी माफी मागते. दादरच्या त्या गृहस्थांना पोहे खायला आम्ही तुमच्या दारात आणून बसवलं, त्याची अजून लाज वाटते.

अण्णांचं पत्र मी सुशांतच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. मग उठून गॅलरीत गेला. मला वाटलं चिडला. जवळ गेले तर म्हणाला, "आईला सायकलसुद्धा येत नव्हती गं." आणि थोड्या वेळाने, "मी किल्ली लपवायला सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी तुमचं पार्सल घेऊन तो कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला. चारही पिस्टन सोबत पाठवतो आहोत. चांदीच्या वाट्यांसारखे दिसतात. खाली तोच लिहितो आहे.

अण्णा, पिस्टन मी स्वतः लेथपाशी उभा राहून करून घेतले. जुन्या पिस्टनचा जो भाग गंजला नव्हता त्यावर माप घेतलं. आईने लिहिलेलं आणि माझं एकच आलं. कडांची धार मोडली आहे, म्हणजे सील कापलं जाणार नाही. आत घालताना ताजं ब्रेक ऑइल लावा. वाकडा गेला तर ठोकू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ घाला. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एकच मागणं आहे. सगळं जोडून झाल्यावर रस्त्यावर काढायच्या आधी भावेशभाईंना बोलावून तपासून घ्या. तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. आपण जोडलेल्या गोष्टीतली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. – सुशांत

आई, मी तुम्हाला काय लिहू? शाळेत मुलींना सांगितलं की माझ्या सासूबाई मोटार शिकतायत आणि तिचे ब्रेकही जोडतायत. एकीने विचारलं, "टीचर, त्यांचं वय काय?" मी म्हटलं, अठ्ठावन्न. वर्गात टाळ्या पडल्या.

सील घालण्याआधी भिंगाखाली बघा आणि हलकेच वाकवून पाहा. दुकानात पडून राहिलेल्या रबराला बारीक चिरा पडतात.

तुमची,
रुचिरा


पनवेल
२५ मार्च १९९०

चि. सौ. रुचिरा आणि चि. सुशांत,
अनेक आशीर्वाद.

आज हे सांगत नाहीत आणि मी लिहून घेत नाही. मीच माझं लिहिते आहे, तेव्हा लांबेल.

पिस्टन आल्याबरोबर कामाला लागलो. सील भिंगाखाली बघितली. एकालाही चीर नव्हती. उजवा कॅलिपर सुरेख जमला. पिस्टन बोटांनी दाबत गेले तसा आत सरकत गेला. डावा मात्र हट्टी. तोही कसाबसा बसवला, चाकं लावली, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. मी पेडल दाबायची, हे खाली बसून डाव्या हाताने हवा जायचं निपल सोडायचे आणि आवळायचे. मग मी पेडल दाबून धरून बसले, तर पाय हळूहळू खाली जायला लागला. खाली पेपर अंथरला होता, त्यावर ओल.

माझं अवसानच गळालं. मी म्हटलं, "जाऊ दे. आपल्याला जमायचं नाही. भावेशला देऊ, ड्रम लावू दे." खरंच तसं वाटलं गं. इथवर आले तेच पुष्कळ झालं असं वाटलं.

हे म्हणाले, "देऊ. उद्याच देऊ. पण का गळतंय ते बघू आणि मग देऊ."

उघडलं. एक सील खोबणीत पिळलं गेलं होतं. बाकी काही नाही. मी ते काढलं, स्पिरिटने पुसलं, पुन्हा भिंगाखाली पाहिलं. धड होतं. या वेळी घाई केली नाही. बोटाच्या टोकाने गोल फिरवून सगळीकडे सारखं बसलंय याची खात्री केली आणि मगच पिस्टन घातला. तो आत गेला तेव्हाच मला कळलं की बसला. पेडल दगडासारखा घट्ट. मी किती वेळ दाबून धरला, पाय दुखला, पण तो हलला नाही. पेपर कोरडा. गॅरेजची गोष्ट त्यानंतर यांनीही काढली नाही आणि मीही नाही.

सुशांत, तुझं मागणं पुरं केलं. भावेश आला. एकेक नट तपासला. एक चाक उचलून फिरवलं, मला पेडल दाबायला लावलं. मग गाडी घेऊन हायवेवर फिरून आला. उतरला आणि म्हणाला, "काकी, माझ्या गॅरेजला कामाला येता का?" एक नळी जुनी दिसते म्हणाला, ती त्याने बदलून दिली. ती आम्हाला दिसली नव्हती. तेव्हा तुझं बरोबर होतं.

लायसन मिळालं. या वेळी रिव्हर्सला काशीरामभाऊ कुंपणापलीकडे उभे राहून हातवारे करत होते. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांना हाकललं, आणि मग मला नीट जमलं.

आता आजचं. आज वेणूकडे आपट्याला जाऊन आलो.

पळस्प्यापर्यंत मी दुसऱ्या गिअरवरच चालवली. हे शेजारी बसून प्रत्येक वळणावर आपला डावा पाय खाली दाबत होते. जणू तिथेही पेडल आहे. "गिअर बदल. हॉर्न दे. ट्रकला जाऊ दे." शेवटी मी म्हटलं, "तुम्ही बोलायचं थांबवलं नाहीत तर मी गाडी बाजूला घेऊन तुम्हाला मागे बसवेन." मग गप्प झाले. पाय मात्र दाबतच होते.

कर्नाळ्याचा चढ झाला. उतारावर एका वळणानंतर समोर शेळ्या. सगळा रस्ता भरून, आणि त्यांच्या मागून एक म्हातारी फांदी हलवत येतेय. मी पेडल दाबला. काही विचार केला नाही, दाबला. गाडी इकडे ना तिकडे, सरळ रेषेत थांबली. पहिली शेळी बंपरला तोंड लावून वास घेऊन गेली. यांच्याकडे बघितलं तर यांचा डावा हात हँडब्रेकवर होता, पण ओढलेला नव्हता. "ओढावाच लागला नाही," म्हणाले.

वेणूच्या अंगणात गाडी उभी केली. ती बाहेर आली, यांना म्हणाली, "भावजी, ड्रायव्हरला पण आत बोलवा, चहा ठेवलाय." यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वेणू पायरीवरच बसली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला. आजारपणात कुणी आलं नाही याचं तिच्या मनात राहिलं होतं, तेही बोलली. बरं झालं बोलली. जेवण झाल्यावर आम्ही दोघी पाताळगंगेवर जाऊन बसलो. लग्नाआधी बसायचो तशा.

ऊन उतरल्यावर परत निघालो. मी हेडलाइट कधी लावू ते विचारलं. उत्तर नाही. मला वाटलं, सकाळी बोलले त्याचा राग धरला. शिरढोणच्या अलीकडे एक एसटी समोर थांबली, म्हणून मीही थांबले आणि वळून पाहिलं.

हे झोपले होते. मान खिडकीकडे कललेली, दोन्ही पाय सैल सोडलेले, तोंड थोडं उघडं, बारीक घोरणं चाललेलं.

एसटी निघाली. मी आवाज न करता पहिला गिअर टाकला.

तुमची,
आई